मशीनला हात लावण्याआधी: कोरड्या दिवसांत ऑफिसातली यंत्रं कशी सांभाळावीत

संक्रांत झाली की माझ्याकडं येणाऱ्या फोनांचा सूर बदलतो. पावसाळ्यात तक्रार ठरलेली असते, मशीन चालूच होत नाही. आत ओल धरलेली असते, पिनांवर गंज चढलेला असतो. माघ लागला की मात्र वेगळंच ऐकू येतं. "पेन ड्राइव्ह लावला आणि स्क्रीन जाग्यावर थांबली", "अंगठ्याचं मशीन मधनंच गायब होतंय", "झेरॉक्समधनं दोन-दोन कागद येताहेत की". यामागं पुष्कळदा कोरड्या हवेत अंगावर आणि वस्तूंवर साठणारी स्थिर वीज आणि तिचा चटका असतो. बेळगाव शहरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत पतसंस्था, सेवा केंद्रं, शाळांची ऑफिसं, उद्यमबागेतल्या कारखान्यांची बिलिंगची टेबलं अशा ठिकाणची यंत्रं मी बरीच वर्षं दुरुस्त करतोय. होळीपर्यंतच्या या दोन-अडीच महिन्यांत ज्या वस्तू माझ्या टेबलावर मरून येतात, त्यातल्या पुष्कळ वाचल्या असत्या, एवढं मी खात्रीनं सांगतो. नुकतेच ऑपरेटर म्हणून रुजू झालेल्यांसाठी आणि दुरुस्ती शिकायला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

हा चटका येतो कुठून

कंगवा केसांतून फिरवून कागदाचे कपटे उचलायचा खेळ शाळेत आपण सगळ्यांनी केलाय. पुस्तकात त्याला स्थितिक विद्युत म्हणायचे, म्हणजेच स्थिर वीज. ऑफिसात तो खेळ दिवसभर चालू असतो. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना घासल्या, किंवा नुसत्या चिकटून सुटल्या, तरी एकीवरचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. फायबरची खुर्ची आणि टेरिकॉटची पँट, रबरी चप्पल आणि व्हिनाइलची मॅट, ॲक्रिलिकचा स्वेटर आणि आतला नायलॉनचा शर्ट, सगळ्या जोड्या त्याच कामाच्या. हवेत दमटपणा असेल तर वस्तूंवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि साठलेली वीज त्यावरून हळूच निघून जाते. हवा कोरडी झाली की तिला वाट राहत नाही, ती अंगावरच थांबते.

आकडे पाहिले की गंभीरपणा कळतो. व्हिनाइलच्या जमिनीवरून नुसतं चालत गेलं तर दमट हवेत अंगावर २५० व्होल्टच्या आसपास साठतात. हवेतली आर्द्रता १० ते २० टक्क्यांवर आली की तेच चालणं १२,००० व्होल्टपर्यंत नेतं. टेबलावरची प्लॅस्टिकची पिशवी उचलली तर दमट हवेत १,२००, कोरड्या हवेत २०,०००. आपला मार्च या दोन टोकांच्या मधे कुठंतरी बसतो.

आता यातली खरी अडचण. माणसाला चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. चिपला १०० व्होल्टही पुरतात, काही नाजूक भागांना त्याहूनही कमी. म्हणून चटका लागला नाही म्हणजे काही झालं नाही, असं धरून चालू नका. माणसाला यानं इजा होत नाही, कारण वीज अगदी थोडी असते आणि क्षणभरात संपते. चिपच्या आतले थर मात्र इतके पातळ असतात की तेवढ्यानंही त्यांना भोक पडतं.

पहिलं काम: चटका कुठला ते ओळखा

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. "सर, मशीन करंट मारतंय" या एका वाक्यात दोन वेगळे रोग लपलेले असतात.

एक चटका टच् करून बसतो आणि संपतो. लगेच पुन्हा हात लावला तर काही नाही. ही स्थिर वीज, ती तुमच्या अंगावरून मशीनकडं गेली. दुसरा चटका सीपीयूच्या मागच्या पत्र्याला मनगट घासलं की मुंग्या आल्यासारखा लागतो, आणि हात तिथं असेपर्यंत लागतच राहतो. हा तुमच्या अंगातला नव्हे, विजेच्या बोर्डातला आहे. असा लागला तर पुन्हा हात लावून खात्री करत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

असं का होतं ते समजून घ्या. सीपीयूच्या पॉवर सप्लायमध्ये लाइनवरची खरखर गाळायला दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. त्यांच्यातून झिरपणारी थोडी वीज अर्थिंगमधून जमिनीत जावी अशी रचना असते. अर्थिंगच नसेल तर पत्रा मधेच लोंबकळतो आणि त्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात. वायरिंग कुठं सोललं असेल तरी चटका असाच लागतो आणि तो जीवघेणा असू शकतो, म्हणून वायरमन हवाच.

निपाणीकडच्या एका पतसंस्थेत प्रिंटरचं पोर्ट वर्षात तीनदा गेलं. मी दरवेळी कोरड्या हवेला दोष दिला, टेबलाखाली अँटी-स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज काढून घेणारी, मॅट अंथरायला लावली, त्यांचे पैसे खर्च करायला लावले. चौथ्यांदा गेलो तेव्हा कपाटामागं हात घालून एक्स्टेंशन बोर्ड ओढून काढला. बोर्डाला तीन भोकं, टॉपला (प्लगला) तीन पिना, सगळं बरोबर. वायर कापून पाहिली तर आत तारा दोनच, अर्थिंगची तारच नाही. प्रिंटर भिंतीवरच्या चांगल्या सॉकेटवर होता, सीपीयू या बोर्डावर. दोघांमध्ये केबल जोडली की मधला व्होल्टचा सगळा फरक त्या बारीक पोर्टातून जायचा. ती मॅट अजून तिथं आहे. मॅट वाईट नव्हती, पण आजार तिच्या आवाक्यातला नव्हता. तेव्हापासून मी कुठल्याही ऑफिसात शिरलो की आधी बोर्ड पाहतो.

अर्थिंग तपासून घ्या

हे काम वायरमनकडून करून घ्यायचं, तुम्ही शेजारी उभं राहून आकडे लिहून घ्यायचे. ऑपरेटरनं सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या तारा घालू नयेत. तीन आकडे हवेत. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज ते अर्थ जवळजवळ तितकेच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ शंभर-सव्वाशे दाखवलं, किंवा आकडा नाचत राहिला, तर त्या भोकाला अर्थिंग पोचलेलंच नाही.

एक सावधगिरी. काही ठिकाणी सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्यानं जोडून टाकलेले सापडतात. मीटरवर सगळं छान दिसतं, न्यूट्रल ते अर्थ बरोबर शून्य. पण मागं कुठं न्यूट्रल तुटला तर सीपीयूच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. म्हणून भरपूर मशीनं चालू असतानाही आकडा ठाम शून्यच राहत असेल तर सॉकेट उघडून दाखवायला सांगा.

मग अर्थिंगचा खड्डा. इमारतीच्या मागं कोळसा-मीठ घालून पाइप किंवा प्लेट पुरलेली असते आणि वर सिमेंटचं झाकण असतं. नव्या माणसानं पहिल्या आठवड्यात ते झाकण कुठं आहे हे विचारून घ्यावं. पुष्कळदा कुणालाच माहीत नसतं, किंवा त्यावर दुचाकीचं शेड उभं असतं. जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी टिकत नाही. जुलैत उत्तम चालणारं अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरतं उरतं, कारण खड्ड्यातली ओल गेलेली असते. माघापासून मृग लागेपर्यंत आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओता. शिपाईमामांना एकदा नीट कारण समजावून सांगितलं की ते विसरत नाहीत, हा माझा अनुभव आहे. अर्थिंगचा रोध (रेझिस्टन्स) मोजून घेता आला तर वर्षातून एकदा उन्हाळ्यातच मोजून घ्या. पावसाळ्यात आकडा चांगलाच येणार.

टॉपवरची लांब, जाड पिन अर्थिंगची. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे वीज मिळण्याआधी अर्थ जोडला जावा. टू-पिनच्या बोर्डात बसत नाही म्हणून ती पिन कापलेली मी पाहिलीय. असा टॉप दिसला तर त्याच दिवशी बदला.

खोली

आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या मधे ठेवायची. भिंतीला लावायचा छोटा आर्द्रतामापक मिळतो, तो मशीनच्या जवळ लावा, खिडकीत नको. बेळगाव जिल्हा एकसारखा नाही. खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी भागात पावसाळ्यात कागद ओला लागतो, तिथं ओल हाच शत्रू. अथणीकडं पाऊसच कमी, तिकडं कोरड्या हवेचे महिने लांबतात. तेव्हा दुसऱ्याचं पाहून आपल्याकडं काही करू नका, आकडा पाहून करा.

वडगाव, शहापूर, खासबागेत ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना हे वेगळं सांगावं लागणार नाही. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, कृत्रिम धाग्याचे तंतू फुलून एकमेकांना चिकटतात. म्हणून मागाच्या जागेत दमटपणा राखतात. ऑफिसात तेवढी गरज नाही. सकाळी मशीनं चालू करण्याआधी ओल्या फडक्यानं फरशी पुसून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, धूळही उडत नाही. एसी असेल तर तो हवा आणखी सुकवतो. अशा खोलीत कोपऱ्यात ह्युमिडिफायर ठेवता येतो, पण त्याची वाफ मशीनच्या जाळीकडं जाता कामा नये.

साध्या शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर वीज फारशी साठत नाही. तिच्यावर हौसेनं अंथरलेली नायलॉनची जाजमं आणि व्हिनाइल हेच घोटाळा करतात. कॉम्प्युटरच्या टेबलाखालून तरी ती काढा.

तुमचे हात

खुर्चीतून उठताना सगळ्यात जास्त वीज अंगावर येते, कारण कपडा आणि खुर्ची एकदम सुटतात. उठतानाच टेबलाचा लोखंडी पाय किंवा फ्रेम धरा आणि धरूनच उठा. आधी उठून मग हात लावला तर ठिणगी पडते. धरून उठलं तर वीज साठायच्या आतच वाट मिळते. चार दिवसांत सवय होते.

पेन ड्राइव्ह, केबल, हेडफोन, काहीही लावण्याआधी सीपीयूच्या मागच्या, रंग नसलेल्या पत्र्याला बोट लावा. रंगावर नको, रंग वीज अडवतो. अर्थिंग नीट असल्याशिवाय या सवयीचा पुरता उपयोग नाही, म्हणून ते काम आधी सांगितलं. लॅपटॉप असेल तर लोखंडी कपाट किंवा टेबलाची फ्रेम चालेल. ठिणगी लागेल अशी भीती वाटत असेल तर हातात किल्ली घट्ट धरून तिच्या टोकानं पत्र्याला शिवा. वीज तितकीच जाते, बोटाला टोचत नाही.

थंडीत ॲक्रिलिकचा स्वेटर मशीनजवळ घालू-काढू नका. सुती कपडे बरे. चपला बाहेर काढायची पद्धत असेल त्या ऑफिसात फरशीवर अनवाणी वावरणं स्थिर विजेच्या दृष्टीनं चांगलंच आहे. मात्र बोर्ड, वायर, स्विच यांच्याशी काम असेल तेव्हा रबरी तळव्याची पादत्राणं घाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कामाप्रमाणं बदलायच्या.

अंगठ्याचं मशीन हा वेगळा विषय. शाल पांघरलेल्या आजी बाकावरून उठून येतात आणि थेट सेन्सरवर बोट ठेवतात. ठिणगी केबलमधून आत शिरते आणि मशीन कॉम्प्युटरच्या यादीतून नाहीसं होतं. काउंटरवर सेन्सरच्या अलीकडं एक स्टीलची पट्टी बसवून घ्या. ती एक मेगाओहमच्या रोधामार्फत अर्थला जोडायची, आणि हे जोडकाम जाणकाराकडूनच. मग "आजी, आधी या पट्टीवर हात टेका, मग बोट ठेवा" एवढं सांगायचं. त्यांना चटकाही बसत नाही आणि रांगही थांबत नाही.

सीपीयू उघडायचा असेल तर

मशीन शटडाउन करा, स्विच बंद करा आणि टॉप काढा. अर्थ जोडलेला राहावा म्हणून टॉप तसाच ठेवा, असं काहीजण शिकवतात. मला ते पटत नाही. आपल्याकडं कितीतरी सॉकेटांत फेज-न्यूट्रल उलटे असतात, मग स्विच बंद केला तरी आत फेज जिवंत असतो. टॉप काढल्यावर पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा, आत साठलेली वीज उतरते.

आता मनगटपट्टा, म्हणजे अंगावरची वीज काढून घ्यायला मनगटाला बांधायचा पट्टा. तो उघड्या मनगटाला घट्ट लागला पाहिजे, बाहीवरून बांधून उपयोग नाही. दुसऱ्या टोकाची चिमटी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावा. टॉप काढला असला तरी पट्ट्याचं मुख्य काम होतं, कारण तुम्ही आणि मशीन एका पातळीवर आलात की मधे उडी मारायला विजेला कारण राहत नाही. पट्ट्याच्या वायरमध्ये एक मेगाओहमचा रोध असतो. चुकून २३० व्होल्टला स्पर्श झाला तरी त्या रोधातून पाव मिलिअँपिअरहून कमी प्रवाह जातो. म्हणून पट्ट्याऐवजी साधी तार मनगटाला गुंडाळणं हा जिवाशी खेळ आहे. आणि चालू मशीनवर काम करताना पट्टा घालायचाच नाही.

रॅम, कार्ड, हार्ड डिस्क कडेला धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. काढलेली वस्तू थर्मोकोलवर, पॉलिथिनवर, मांडीवर ठेवू नका. नव्या वस्तूसोबत आलेली चंदेरी पिशवी जपून ठेवा आणि वस्तू तिच्या आत ठेवा. वर ठेवून उपयोग नाही, कारण राखण आतल्या बाजूलाच मिळते. काही वस्तूंसोबत येणारी गुलाबी पिशवी स्वतः वीज तयार करत नाही, पण बाहेरची अडवतही नाही.

खोडरबरानं रॅम घासायची रीत आपल्याकडं सगळीकडं आहे. मीही तसंच शिकलो होतो. पण ते घासणं म्हणजे नेमकं वीज तयार करणंच, शिवाय रबराचा चुरा खाचेत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टाकलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. ब्लोअर मारताना सीपीयूतला पंखा बोटानं धरून ठेवा, हवेनं गरगर फिरला की तोच वीज बनवतो. प्लॅस्टिकचं नोझल मदरबोर्डाला टेकवू नका. नायलॉनच्या ब्रशऐवजी अँटी-स्टॅटिक ब्रश वापरा.

झेरॉक्स आणि लेसर प्रिंटर

ही यंत्रं स्थिर विजेवरच चालतात. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अस्टोरिया इथं या पद्धतीनं पहिली प्रत काढली. ड्रमवर वीज भरायची, उजेडानं ठरावीक ठिकाणची काढून टाकायची आणि त्यातून उमटलेल्या आकृतीवर टोनरची पूड चिकटवायची, मूळ गोष्ट तीच आहे. त्यामुळं यांत वीज अजिबात नको असं नसतं, कागदावर नको असते. कोरड्या दिवसांत रीम वेष्टनातून लागेल तेवढीच काढा, ट्रेमध्ये घालण्याआधी गठ्ठा फुलवून घ्या. कागद बाहेर पडतो तिथं बारीक धातूच्या केसांची एक पट्टी असते, ती कागदावरची वीज काढून घेते. सर्व्हिसिंगनंतर ती परत बसली आहे का ते पाहा. टोनर सांडला तर घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पूड अतिशय बारीक असल्यानं फिल्टरमधून निसटते. कोरड्या कापडानं टिपा. हातावरची पूड थंड पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं ती पक्की बसते.

वळवाच्या विजा हा निराळा मामला. मनगटपट्टा किंवा मॅट तिथं काही करू शकत नाही. ढग गडगडायला लागले की टॉप काढा, इंटरनेटची तांब्याची केबलही काढा.

नोंद ठेवा

स्थिर विजेचा मार पुष्कळदा लगेच दिसत नाही. चिप अर्धी जखमी होते, काही आठवडे चालते आणि मग एका सकाळी दगा देते. तोवर रॅम कुणी आणि कशी बसवली हे सगळे विसरलेले असतात. म्हणून मशीनगणिक एक पान करा. तारीख, वेळ, आर्द्रतेचा आकडा, काय लावलं किंवा काढलं, चटका लागला का, लागला तर टच् करून की मुंग्यांसारखा. खानापूरच्या एका सेवा केंद्रातल्या ताई असं पान ठेवतात. त्यांच्या तीन महिन्यांच्या नोंदींत मशीन गायब झाल्याची वेळ जवळजवळ नेहमी दुपारची एक ते चार होती आणि एकाच काउंटरची. त्या काउंटरची खुर्ची बदलली, खाली नायलॉनचं जाजम होतं ते काढलं. पुढं मला तिथं जावं लागलं नाही. फोन करताना ते पान समोर ठेवून बोला.